एजन्सीला फोटो पाठवण्याआधी

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात, जिथे ऑडिशन चालतात त्या बंगल्यांमधून, मॉडेल किंवा नट व्हायला फाइल घेऊन हिंडणारी बरीच मुलंमुली कास्टिंग डायरेक्टर, को-ऑर्डिनेटर आणि एजन्सी यांना एकाच माळेचे मणी समजतात. घोळ इथूनच सुरू होतो. कास्टिंग डायरेक्टर हा निर्मात्याचा माणूस. त्याचे पैसे निर्माता देतो, त्याला एका भूमिकेसाठी एक चेहरा हवा असतो आणि तो मिळाला की त्याचं काम संपतं. को-ऑर्डिनेटर ब्रीफ, म्हणजे कसा चेहरा हवा याचं टिपण, फिरवतो, एकाच जाहिरातीसाठी शंभर जणांना मेसेज टाकतो आणि काम लागलं तर कमिशन घेतो. त्याच्याशी लेखी करार सहसा नसतो. एजन्सी मात्र मोजक्या लोकांशी करार करते, त्यांना पुढे करते, दर ठरवते, तारखा सांभाळते, बिलं लावते आणि पैसे वसूल करते.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. मॉडेलिंग एजन्सीला नवा चेहरा हवाच असतो. सतरा ठिकाणी झळकून गेलेल्या चेहऱ्यापेक्षा कोणी न पाहिलेला चेहरा विकायला सोपा जातो. त्यामुळे मॉडेलने सुरुवातीलाच एजन्सीकडे जावं. अभिनयात नेमकं उलटं आहे. नटाची कामं सांभाळणारा टॅलेंट मॅनेजर शक्यतो दोन-चार कामं झालेला नट घेतो, कारण दाखवायला त्याला काहीतरी हवं असतं. म्हणून नव्या नटाने आधी ऑडिशन, नाटक, छोट्या भूमिका, को-ऑर्डिनेटर या वाटेने जावं आणि हातात तीन-चार चांगले प्रसंग आले की मॅनेजर शोधावा. पहिल्याच महिन्यात ‘मला मॅनेजर मिळत नाही’ म्हणून खचून जाण्याचं कारण नाही.

आपण कोणत्या खान्यात बसतो हेही आधी ठरवा. रॅम्प आणि हाय फॅशनसाठी मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंचांच्या पुढे आणि मुलांची ६ फुटांच्या आसपास मागतात. कपडे आधीच शिवलेले असतात आणि ते ठरावीक मापाचेच असतात, त्यामुळे इथे फारशी घासाघीस चालत नाही. जाहिरातींचं तसं नाही. बँक, साबण, मसाले, मोबाइल यांना शेजारची ताई, पोस्टातले काका, कॉलेजातला चष्मिस असे सगळे लागतात. ई-कॉमर्सला मापात बसणारं आणि दिवसभरात कित्येक डझन कपडे न कुरकुरता बदलणारं माणूस हवं असतं. ५ फूट ३ इंचांच्या मुलीने रॅम्प एजन्सीचे उंबरे झिजवण्यापेक्षा जाहिरातींचं काम करणारी एजन्सी गाठावी. ती पायरी खालची नाही, आणि पैसा पुष्कळदा तिथेच जास्त असतो.

आता पोलरॉइड. कॅमेरा केव्हाच बदलला, पण नाव तेच राहिलं. कोणी ‘डिजिटल्स’ही म्हणतं. मेकअप नाही, फिल्टर नाही, स्टुडिओ नाही, साधे फोटो. एजन्सीतला बुकर, म्हणजे मॉडेलला कामं लावून देणारा माणूस, पोर्टफोलिओच्या (सजूनधजून काढलेल्या निवडक फोटोंच्या) आधी हेच उघडतो, कारण दारातून आत येणारा माणूस कसा दिसेल ते फक्त यातूनच कळतं. गंमत म्हणजे लोक पोर्टफोलिओवर हजारो रुपये घालवतात आणि पोलरॉइड बाथरूमच्या आरशात सेल्फी काढून पाठवतात.

फोटो कोणाकडून तरी काढून घ्या, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने. ब्यूटी मोड बंद आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. काही फोनमध्ये तो मुळातच चालू असतो. वन-एक्सऐवजी टू-एक्स लेन्स वापरा. साध्या लेन्सचा कोन रुंद असतो, जवळून चेहरा घेतला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. टू-एक्सवर क्लोज-अपसाठी चार-पाच फूट आणि पूर्ण उंचीसाठी दहा फूट अंतर लागतं. वन रूम किचनमध्ये दहा फूट निघत नाहीत, तेव्हा इमारतीची गच्ची किंवा जिना गाठा. क्लोज-अपला फोन डोळ्यांच्या रेषेत धरायचा. पूर्ण उंचीच्या फोटोत तो कंबर आणि छातीच्या मधोमध आला पाहिजे. फोटो काढणारा उभा राहून डोळ्याला फोन लावतो आणि तुमचे पाय आखूड होतात. त्याला गुडघ्यावर बसवा.

उजेड खिडकीचा घ्या. खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी आणि तुमचं तोंड तिच्याकडे. गच्चीवर काढणार असाल तर ऊन चढायच्या आत. पावसाळ्यातला ढगाळ दिवस तर सर्वांत उत्तम, उजेड सगळीकडून सारखा येतो. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली खड्डे दिसतात. ट्यूबलाइटने त्वचेवर हिरवट झाक येते. मागे फिकट, एकरंगी भिंत असावी आणि तिच्यापासून दोन-तीन फूट पुढे उभं राहावं, म्हणजे सावली मागे चिकटत नाही.

कपडे अंगाबरोबरचे: मुलींना साधा काळा किंवा पांढरा बिनबाह्यांचा टॉप आणि घट्ट जीन्स, मुलांना साधा टी-शर्ट आणि जीन्स, शिवाय बनियनवर एक फोटो. छापील अक्षरं, लोगो, चौकटी नकोत. टिकली, कानातले, घड्याळ काढून ठेवा. हातावर मेंदी असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत थांबा. लग्नसराईत हे हमखास राहून जातं. चेहऱ्याचे फोटो केस मोकळे सोडून आणि मागे घट्ट बांधून, असे दोन्ही. समोरून गंभीर, समोरून दात दिसतील असं हसू, डावी आणि उजवी बाजू, तिरपा चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण उंची समोरून, बाजूने आणि पाठमोरी. नऊ-दहा फोटो पुरतात. पूर्ण उंचीचा एक अनवाणी, एक टाचांच्या सँडलवर. सोबत चालत येऊन वळण्याचा वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ. दर तीन महिन्यांनी, आणि केस कापले किंवा वजन बदललं की लगेच, नवे काढायचे. स्विमवेअरचे फोटो काही फॅशन एजन्सी मागतात, पण ते ऑफिसात जाऊन, एजन्सी खरी आहे याची खात्री झाल्यावरची गोष्ट. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरने मागितले तर तिथेच ब्लॉक करा.

मापं घेताना स्वतःशी लबाडी करू नका. उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक सपाट धरून पेन्सिलीने खूण करून मोजा. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, म्हणून दुपारनंतरचं माप खरं धरा. कंबर नाभीच्या वर, जिथे सर्वांत बारीक असते तिथे मोजायची. जीन्सवरचा आकडा म्हणजे कंबर नव्हे, कारण जीन्स खाली बसते. नितंबांचं माप पाय जुळवून, सर्वांत रुंद भागावर. टेप जमिनीला समांतर आहे का, ते दुसऱ्याने बघावं, स्वतः वाकून बघितलं की माप बदलतं. मुलांनी छाती, खांदा, कॉलर आणि पायाची आतली लांबीही द्यावी, सूट त्याच्यावर येतो. बुटाचा नंबर यूके की युरोपियन ते लिहा. दोन इंच उंची वाढवून लिहिली की काय होतं? शूटच्या सकाळी पँट जमिनीवर लोळते, स्टायलिस्ट पिना मारत बसतो, क्लायंटचा फोन एजन्सीला जातो आणि एजन्सी तुमचं नाव पुढच्या यादीतून गुपचूप गाळते. तोंडावर कोणी काही बोलत नाही.

पोर्टफोलिओबद्दल आमचं मत ठाम आहे: जी एजन्सी आधी ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, मग साइन करू’ म्हणते, तिचा खरा धंदा फोटो काढण्याचा आहे. खरी एजन्सी तुमच्या कमाईतून कमिशन घेते. तुम्ही कमावलंत तरच ती कमावते. नोंदणी फी, ग्रूमिंग फी, ‘आर्टिस्ट कार्ड’, परत मिळणारं डिपॉझिट या सगळ्यांना एकच उत्तर, नाही. पहिल्या ऑडिशनला कुठलंही कार्ड लागत नाही. नटांची संघटना म्हणून सिंटा १९५८ पासून आहे, तिचं सभासदत्व काम सुरू झाल्यावर तिच्याच कार्यालयातून घ्यायचं, मधल्या दलालाकडून नव्हे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

चांगले फोटो हवेत तर टेस्ट शूट करा: नवा फोटोग्राफर, नवी मेकअप आर्टिस्ट आणि तुम्ही, कोणी कोणाला पैसे देत नाही आणि फोटो तिघांचे. फोटो कुठे वापरायचे आणि जाहिरातीला विकायचे नाहीत, हे आधी मेलवर लिहून घ्या. एकाच दिवशीच्या पन्नास फोटोंपेक्षा चार वेगवेगळ्या दिवशीचे आठ फोटो जास्त कामाचे. त्यात एक भारतीय पोशाखातला, एक रोजच्या कपड्यांतला आणि एक नुसत्या चेहऱ्याचा असावा. तेलात चकाकणारं अंग आणि धुराचा पडदा असले फोटो बुकर सरळ पुढे सरकवतो.

नटांसाठी पोलरॉइडची जागा व्हिडिओ घेतो. काम झालेलं असेल तर दीड-दोन मिनिटांची शोरील, म्हणजे त्यातले निवडक तुकडे, आणि पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा बोलताना दिसला पाहिजे. सुरुवातीला नाव फिरवणारं ग्राफिक आणि ढणढणाट संगीत घातलंत तर समोरचा तेवढ्यात बंद करतो. काम झालेलं नसेल तर दोन स्वगतं करा, प्रत्येकी मिनिट-सव्वा मिनिटाची. एक तुमच्या वयाच्या, आजच्या माणसाचं, साध्या बोलण्यातलं. दुसरं त्याहून वेगळ्या स्वभावाचं. रडणं-किंचाळणं टाळा, ते सगळेच पाठवतात.

एकांकिकेतून आलेल्यांना इथे एक खास अडचण येते. राज्य नाट्य स्पर्धा, सवाई, पुरुषोत्तम करंडक, आयएनटी या स्पर्धांची नावं बायोडेटात जरूर लिहा, मराठी कास्टिंगवाल्यांना त्यांची किंमत माहीत असते. पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लेन्ससमोर अंगावर येते. भुवया उडतात, मान हलते, प्रत्येक वाक्याला हात उठतो. तेच स्वगत शेजारी बसलेल्या माणसाला सांगतोय अशा पट्टीत करून बघा. आणि नाट्यगृहाच्या मागून काढलेलं एकांकिकेचं रेकॉर्डिंग कोणालाही पाठवू नका, त्यात चेहराच दिसत नाही.

सेल्फ-टेप, म्हणजे घरीच रेकॉर्ड करून पाठवायची ऑडिशन, फोन आडवा धरून करायची, उभा मागितला असेल तरच उभा. फ्रेम छातीपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत. क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं म्हणणारा, लेन्सच्या अगदी बाजूला, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. तो फार बाजूला बसला तर तुमचा एकच डोळा दिसतो. तो माइकच्या जवळ असतो, म्हणून त्याने हळू बोलायचं, नाहीतर ऑडिशन त्याचीच होते. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावरच रेकॉर्ड करा. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्यामागे दोरीवर गोधडी टाका, फरक लगेच कळतो. डोळ्याला चष्मा असेल तर दिवा थोडा वर न्या, काचेतली चमक जाते.

जाहिरातीच्या ऑडिशनला सुरुवातीला ‘इंट्रो’ मागतात: नाव, वय, उंची, मुंबईत कुठे राहता, कोणत्या भाषा येतात. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हात पुढून-मागून आणि एक हसू. हात यासाठी, की बिस्किट, अंगठी किंवा मोबाइल तुमच्याच हातात क्लोज-अपमध्ये येणार असतो. नखं कुरतडलेली असली तर काम हातचं जातं. हे सगळं वीस-पंचवीस सेकंदांत आटपा. फोन नंबर व्हिडिओत बोलू नका, मेलमध्ये लिहा. या फाइली कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतात याला धरबंध नाही.

हिंदी. मराठी मुलांची ऑडिशन अभिनयापेक्षा इथे जास्त अडते, म्हणून थोडं सविस्तर. ‘मैं’, ‘नहीं’, ‘में’, ‘हैं’ यातला नाकातला स्वर आपण गिळतो. ‘है’, ‘पैसा’, ‘और’, ‘कौन’ यांत आपण मराठीसारखं अइ-अउ फोडून म्हणतो. हिंदीत तो एकच पसरट स्वर आहे. ‘ज्ञान’ हिंदीत ‘ग्यान’ होतं, ‘कृपा’ ‘क्रिपा’ होते. ‘चमचा’, ‘चावी’ यांतला आपला दंत्य च तिथे चालत नाही. हिंदीतला प्रत्येक च ‘चिमणी’तल्या चसारखा. ‘ज़रा’, ‘फ़ोन’ यांतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा उच्चार, शहरी भूमिकेत लागतो. शिवाय ‘मेरे को’, ‘अपुन’ ही मुंबईची बोली ब्रीफमध्ये असेल तेव्हाच. रोज हिंदी वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत. याउलट मालवणी, आगरी, वऱ्हाडी, कोल्हापुरी खरोखर येत असेल तर ती ठळक लिहा, मराठी मालिकांत तिला मागणी असते. आजोळी ऐकलेली चार वाक्यं म्हणजे बोली येणं नव्हे.

पाठवताना मेल पाच-सहा ओळींचा: नाव, वय, उंची, मापं, राहण्याचं ठिकाण, भाषा, येत असलेली कौशल्यं. पोहणं, दुचाकी, भरतनाट्यम, लाठी. जे आत्ता करून दाखवता येईल तेच. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी करा आणि दुसऱ्याच्या फोनवर तपासा. परवानगी मागणारा मेल पाठवायला बुकरला वेळ नसतो, तो पुढचा अर्ज उघडतो. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दबून पिचके होतात. दहा एजन्सींना एकाच मेलमध्ये सीसी करू नका. आठवण एकदाच, दोन-तीन आठवड्यांनी. नंतर नवे पोलरॉइड घेऊन चार-सहा महिन्यांनी पुन्हा. आरामनगरात दारावरच ‘नॉट फिट’ ऐकायला मिळतं. त्याचा अर्थ त्या ब्रीफसाठी नाही, एवढाच घ्या.

भेटीला बोलावलं तर दिवसा, ऑफिसात. हॉटेलची खोली, रात्रीची वेळ, ‘एकटीच ये’ यातलं काहीही ऐकू आलं तर जाऊ नका. सोबत कोणी आलेलं खऱ्या एजन्सीला खटकत नाही. तिथे तुमचे पोलरॉइड पुन्हा काढतील, मापं पुन्हा घेतील, चालायला लावतील. आदल्या दिवशी फेशियल किंवा ब्लीच करू नका, लाली उतरत नाही. तुम्हीही विचारा: माझ्यासारखे अजून किती जण तुमच्याकडे आहेत, मला कोणत्या कामांसाठी पाठवणार, पैसे आल्यावर किती दिवसांत देता.

करार घरी आणून वाचायचा, तिथल्या तिथे सही नाही. मुदत एक ते तीन वर्षं असते. नव्या माणसाने एक वर्षाचा आग्रह धरावा. एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे काम फक्त त्याच एजन्सीमार्फत, असा असेल तर कशासाठी ते बघा: फक्त फॅशन, की जाहिरात, मालिका, इन्स्टाग्रामवरचं कामसुद्धा? कमिशन साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान, बहुतेकदा २० च्या आसपास. तुम्ही स्वतः आणलेल्या कामावर किती, हे वेगळं लिहून घ्या. बाहेर पडायला नोटीस किती आणि करार संपल्यावर जुन्या क्लायंटच्या कामावर किती महिने कमिशन चालू राहणार, या दोन ओळींवरून पुढे भांडणं होतात. ‘एजन्सी सोडल्यावर दोन वर्षं कोणाकडेही काम करायचं नाही’ असं कलम असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ वकिलाला दाखवा. करार संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयं सहसा टिकू देत नाहीत. करार चालू असतानाची बंदी मात्र चालते.

पैशांचा हिशोब असा. ६०,००० रुपयांचं काम, बिल तुमच्या नावाने. क्लायंट १० टक्के म्हणजे ६,००० टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतो. एजन्सीचं २० टक्के कमिशन १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०. हातात ३९,८४०. हा टीडीएस तुम्ही आयकर रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो, म्हणून पॅन बरोबर दिलाय ना ते बघा आणि कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतेय का तपासा. पैसे ९० दिवसांनी येणं इथे रूढ आहे. म्हणून मुंबईत येताना किमान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण गाठीला हवं. जाहिरातीचा दर ऐकताना ‘किती’च्या आधी ‘किती दिवस आणि कुठे’ विचारा: फक्त डिजिटल, की टीव्ही, होर्डिंग, सगळं? एक वर्ष की कायमचं? त्या काळात दुसऱ्या साबणाची जाहिरात करता येणार नसेल तर त्या अडकून पडण्याचेही पैसे दरात यायला हवेत.

मूल १८ च्या आतलं असेल तर त्याच्या सहीच्या कराराला अर्थ नाही, सही पालकांची लागते. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. पालकांनी हे सेटवर जाऊन नव्हे, होकार देण्याआधी विचारायचं.

सही झाल्यावर केस कापायचे, रंगवायचे, दाढी ठेवायची, टॅटू काढायचा तर आधी बुकरला मेसेज. गावी जाणार असाल तर तारखा आठवडाभर आधी कळवा, गणपतीच्या तर महिनाभर आधी. सणासुदीच्या जाहिराती त्याच सुमारास शूट होतात आणि चिपळूणहून एका रात्रीत परत येणं त्या दिवसांत कोणाला जमत नाही.